सोलापूरच्या उन्हातली हिरवळ: पाणी किती, केव्हा आणि कुठलं

मंडळी, शुक्रवार पेठेत बसून लॉनवर बोलायचं म्हणजे थोडं अवघडच काम आहे. इथं भिंतीला भिंत लागून घरं. अंगण म्हणजे चार फरश्या आणि एक तुळस. पण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं आता जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडला राहायला गेली आहेत. तिथं घरापुढं दीड-दोनशे चौरस फूट मोकळी जागा असते, आणि वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी नर्सरीतून गवताच्या लाद्या आणून त्या जागेत अंथरल्या जातात. फोटो छान येतात. मार्च संपता संपता कडा पिवळ्या पडायला लागतात, मग घरातलं कुणीतरी रोज अर्धा तास पाइप धरून उभं राहतं, आणि तरी मे महिन्यात जमीन दिसायला लागते. त्यानंतर आमच्यासारख्या बागेत रमणाऱ्या मंडळींना फोन येतो, "जास्त पाणी देऊ का?"

आमचं उत्तर बहुतेक वेळा "कमी द्या" असं असतं. ते ऐकून माणसं चिडतात. म्हणून आज ते नीट समजावून सांगायचं आहे.

आधी पाण्याविषयी दोन शब्द. आपल्या गावाला पाणी येतं ते उजनीहून, भीमेतून औज बंधाऱ्यात सोडलेलं टाकळीवरून, आणि थोडं हिप्परग्याच्या एकरूख तलावातून. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे 63 टीएमसीच्या वरचा, मृत साठा. उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" ही बातमी आपण पंचांगासारखी वाचतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी रात्री दोनला, हे इथल्या माणसाला नवीन नाही. अशा गावात गवताला पाणी घालायचं का, हा प्रश्न शेजारी विचारणारच, आणि त्यांनी तो विचारायलाच हवा.

हा प्रश्न एकदा थेट उच्च न्यायालयात गेला होता. 2016 चा एप्रिल आठवा. 12 तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, आणि 13 तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. वाद मैदानांवर मारायच्या पाण्याचाच होता. लातुरात माणसं रेल्वेच्या टाकीची वाट बघतायत आणि इकडं खेळपट्टी आणि गवत भिजतंय, हे चित्र लोकांना सहन झालं नाही. अंतिम सामना बंगळुरूला झाला. आता तुमच्या घरापुढचं गवत म्हणजे काही वानखेडे नव्हे. पण तत्त्व तेच आहे, आणि ते भांडून सुटत नाही. हिशोब मांडून सुटतं.

तर हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी सगळं तोंडी करता येतं. 200 चौरस फूट म्हणजे सुमारे 18.6 चौरस मीटर. मे महिन्यात आपल्याकडची हवा दिवसाला साधारण 7-8 मिलिमीटर पाणी शोषून घेईल इतकी तापलेली आणि कोरडी असते. उष्ण प्रदेशातल्या गवताला हिरवं राहायला त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास पुरतं, म्हणजे भर उन्हाळ्यात रोजचे 5 मिलिमीटर धरा. 18.6 गुणिले 5, झाले 93 लिटर. शहरातल्या पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज 135 लिटर धरतो. म्हणजे दोनशे फुटांची हिरवीगार लॉन हा घरातला जवळजवळ पाऊण माणूस आहे. त्याला पानात वाढायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण तो जेवायला बसलाय, एवढं माहीत असावं.

आता पाइपवाल्या अर्ध्या तासाकडं वळू. घरी गेल्यावर एक करून बघा. 15 लिटरची बादली पाइपाखाली धरा आणि घड्याळ लावा. टाकी गच्चीवर असेल तर बादली साधारण मिनिटाभरात भरते. तुमचा वेळ वेगळा असेल, तोच खरा माना. मिनिटाला 15 लिटर, तीस मिनिटं, म्हणजे 450 लिटर. रोज! गवताला हवेत 93. उरलेलं साडेतीनशे लिटर पाणी गेटखालून रस्त्यावर जातं, किंवा काळ्या मातीत साचून मुळं कुजवतं, किंवा लव्हाळ्याला मिळतं. आणि एवढं देऊनही गवत पिवळं का, याचं कारण पुढं येतं.

त्याआधी गवत कुठलं ते बघू. नर्सरीत नावं बरीच आहेत: मेक्सिकन, कार्पेट, सिलेक्शन, बर्म्युडा. मेक्सिकन म्हणून जे मिळतं ते दाट, मऊ, गादीसारखं असतं. दिसायला देखणं, पण वाढायला संथ, आणि एकदा जळालं की भरून यायला महिनोन् महिने घेतं. बर्म्युडा म्हणून परदेशी चित्राच्या पाकिटात जे बी मिळतं, ते म्हणजे आपली हरळी. तीच ती. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा, आणि शेतकरी जिला शिव्या देत उन्हाळ्यात खोल नांगरट करून वर काढतो तीही तीच. बर्म्युडा बेटाचं नाव तिला अमेरिकेत चिकटलं. मूळची ती आपल्या बाजूच्या जगातली आहे. जी शेतातून काढता काढता पिढ्या गेल्या, ती घरापुढं पैसे देऊन लावायची, याची गंमत वाटते खरी. पण आमचा सल्ला स्पष्ट आहे: सोलापुरात लॉन लावायचीच असेल तर हरळी लावा. पाकीट घ्यायचीही गरज नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतंभर काशा मागून आणा, तो चहा पाजून देईल. मात्र त्यात लव्हाळ्याच्या गाठी नाहीत ना, हे बसून निवडा. लव्हाळा एकदा शिरला की उपटून संपत नाही. वरचं पान हातात येतं, गाठ खाली राहते.

हरळीच का, हे ज्वारीवरून समजेल. हरळी, ज्वारी, मका, ऊस ही सगळी एकाच रीतीनं सूर्यप्रकाश वापरणारी गवतं आहेत. उन्हात त्यांचं काम थांबत नाही आणि तेवढ्याच पाण्यात ती जास्त वाढतात. आता मंगळवेढ्याची ज्वारी बघा. मोहोळच्या केंद्रातून निवडून आलेली मालदांडी 35-1 इथं घराघराला ठाऊक आहे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चालू आहे, ते काही उगाच नाही. रब्बीची ज्वारी पेरल्यावर पाऊस जवळपास संपलेला असतो. तरी पीक येतं, कारण पाणी खोल काळ्या रानात साठलेलं असतं आणि मुळं ते शोधत खाली जातात. वर पाणी मिळत नाही म्हणूनच जातात.

लॉनला आपण याच्या बरोबर उलटं करतो. रोज संध्याकाळी वरवर शिंपडतो. वरची दोन बोटं माती ओली, खालची कोरडी. मूळ कशाला खाली जाईल? ते वरच थांबतं, आणि मे महिन्यात दुपारी ती वरची दोन बोटं माती तव्यासारखी तापते. रोज पाणी पिणारं गवत एक दिवस नळ चुकला की माना टाकतं, ते यामुळं. आठवड्यातून एकदा पोटभर मिळालेलं गवत पाच-सहा दिवस सहज काढतं.

पोटभर म्हणजे किती? एका वेळी 25 मिलिमीटर. आपल्या दोनशे फुटांना 465 लिटर, म्हणजे 31 बादल्या. भर उन्हाळ्यात पाच दिवसांनी एकदा, फेब्रुवारीत आठ-दहा दिवसांनी. नळ चार-पाच दिवसांनी येतो, गवताचंही वेळापत्रक तेच, हे बघितलंत का? याबाबतीत आपल्याला शिस्त आपोआप लागलेली आहे.

फवारा लावत असाल तर सपाट बुडाचे चार-पाच डबे गवतावर ठेवा, श्रीखंडाचे चालतील. पंधरा मिनिटांनी पट्टी घालून पाणी मोजा. एका डब्यात 8 मिलिमीटर आणि दुसऱ्यात 2 निघाले, तर तुमचे पिवळे डाग कुठले ते तिथंच कळलं. तो रोग नाही, फवारा तिथवर पोचत नाही. पाणी देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबा. ओल्या मातीत तो सरळ जातो, कोरडी लागली की अडतो. काळ्या मातीत 25 मिलिमीटर पाणी साधारण चार-पाच इंच उतरतं, मुरमाड भरावात त्याच्या दुप्पट.

ही माती कुठली आहे हे पाहणं फार महत्त्वाचं. नव्या वसाहतींत प्लॉटवर मुरुम टाकून वर फूटभर सुद्धा नाही अशी माती पसरलेली असते. तिथं पाणी टिकत नाही. 25 मिलिमीटर एकदम देण्यापेक्षा तेरा-तेरा करून अडीच-तीन दिवसांनी द्यावं लागतं, आणि खरं तर लॉन लावायच्या आधीच सहा-आठ इंच चांगली माती आणि चाळलेलं शेणखत घालायला हवं होतं. काळी माती असेल तर अडचण वेगळी. कोरडी असताना भेगांतून पाणी गटागटा खाली जातं, आणि एकदा भिजून फुगली की वरचं पाणी आत घेतच नाही. म्हणून दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, परत दहा मिनिटं. भेगा पडल्या असतील तर वाळू आणि चाळलेलं शेणखत मिसळून त्यांत भरा. ज्वारीत भेगा बुजवायला कोळपं फिरवतात, त्याचंच हे घरगुती रूप.

वेळ पहाटेची. दुपारी पाणी घातलं तर थेंबाचं भिंग होऊन पान भाजतं, असं सगळे सांगतात. गवताच्या बाबतीत ते खरं नाही. दुपारी देऊ नये ते एवढ्यासाठी की बरंचसं पाणी हवेतच जातं. संध्याकाळी दिल्यानं बुरशी येते म्हणतात, ते पावसाळी दमट हवेत खरं. आपल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये त्याची फारशी भीती नाही. नळ रात्री दोनला आला आणि टाकी भरून वाहायला लागली, तर रात्री दोनला द्या. गवत झोपमोड झाली म्हणून तक्रार करत नाही. एकच विनंती, नळाला थेट मोटार लावून लॉनला पाणी मारू नका. गल्लीच्या शेवटच्या घरात त्या वेळी हंडा रिकामा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कुठलीही नर्सरी सांगत नाही. हरळी पिवळी पडली म्हणजे मेली नाही. पाणी तुटलं की ती वरची पानं सोडून देते आणि जमिनीखालच्या काशांत जीव धरून बसते. शेतकऱ्याला विचारा, नांगरून उन्हात टाकली तरी एखादी कांडी मातीत राहिली तर पहिल्या वळवात ती डोकं वर काढते. जो गुण शेतात शाप, तोच अंगणात वरदान. एक वर्ष नीट रुजलेली हरळी एप्रिल-मेमध्ये पिवळी होऊ द्या. काशा जिवंत राहाव्यात म्हणून तीन आठवड्यांतून एकदा 12 मिलिमीटर पाणी पुरतं. आपल्या दोनशे फुटांना ते होतं 223 लिटर. दिवसाला वाटलं तर साडेदहा लिटर. कुठं 93 आणि कुठं साडेदहा!

आणि हे साडेदहा लिटर नळाचे असायचीही गरज नाही. स्वयंपाकघरातलं आरओ यंत्र एक लिटर पिण्याच्या पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. घरात दिवसाला दहा लिटर प्यायला-स्वयंपाकाला लागत असेल तर वीस-तीस लिटर पाणी सिंकमधून वाया जातंय. ते टाकीत धरा. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त, साधारण दीडपट असतात. पण हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, आणि वर्षभर साठलेलं मीठ पावसाळ्यात धुऊन खाली जातं. बोअरचं पाणी आरओला जोडलेलं असेल तर मात्र जपून, कारण ते मुळातच जड. मातीवर पांढरा थर दिसू लागला की एखादी पाळी साध्या पाण्याची भरपूर द्या. कपडे खळबळून काढल्याचं शेवटचं पाणी चालतं. पहिलं साबणाचं नको, त्यातल्या सोडियमनं काळी माती चिकट होऊन आणखी बंद होते. भांड्यांचं तेलकट पाणी अजिबात नको. असं वापरलेलं पाणी दिवसभरात संपवावं, साठवून वास सुटू देऊ नये, आणि फवाऱ्यानं न उडवता पाइपानं जमिनीलगत सोडावं.

पिवळ्या दिवसांत दोन पथ्यं. त्यावर खुर्च्या टाकू नका, मुलांना क्रिकेट खेळू देऊ नका, कारण तुटलेलं पान परत फुटायला त्या वेळी ताकद नसते. आणि मधेच दया येऊन दोन दिवस भरपूर पाणी देऊन पुन्हा बंद करू नका. कोंब फुटतात, साठा खर्च होतो, आणि मग खरंच मरतं.

कापणीचं थोडक्यात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पावसाळ्यात इंच-दीड इंच ठीक, पण मार्चनंतर दोन इंच राहू द्या; उंच पानाची सावली मातीला मिळते. कापलेलं बारीक गवत तिथंच पडू द्या. पात्याला धार नसेल तर पानाचं टोक फाटून तपकिरी होतं आणि लोक त्याला रोग समजून औषध मारतात. खत जून ते सप्टेंबर. युरिया दिलात तर चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे आपल्या जागेला 180-190 ग्रॅम, आणि वर लगेच पाणी. एप्रिल-मेमध्ये गवत हिरवं करायला युरिया टाकणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावणं. जूनच्या पहिल्या पावसानंतर बागकाट्यानं जमिनीला भोकं पाडून चाळलेलं शेणखत पसरा. नवीन लॉन लावायची तीही जून-जुलैतच. जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, त्याचा पहिला हप्ता मुळं धरायला वापरून घ्यावा. वास्तुशांतीचा मुहूर्त मार्चमधला असेल तर त्या जागेत कुंड्या ठेवा.

शेवटी वेळ होता म्हणून काही प्रश्न घेतले.

एका ताईंनी विचारलं, कडुनिंबाखाली गवत टिकत नाही, काय करू? काही करू नका, ताई. हरळीला रोज सहा तास ऊन लागतं. निंबाखाली खडी पसरा, एक बाक ठेवा. उन्हाळ्यात घरातली सगळी माणसं तिथंच येऊन बसतील.

प्लास्टिकची लॉन बरी का? पाणी लागत नाही हे खरं. पण मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, आणि मग ती गार करायला पाइप घ्यावा लागतो का तेही बघा. गच्चीवर सावलीत एक वेळ चालेल.

पाणी बरोबर देऊनही मधेच चकत्या पिवळ्या पडतात? मागून एका शेतकरी काकांनीच उत्तर दिलं: "ओढून बघा, सतरंजीसारखं उचललं तर हुमणी." बरोबर आहे. उसातली तीच पांढरी अळी मुळं खाते. माती उकरून अळ्या वेचा, रात्री दिव्याभोवती भुंगेरे जमतात ते पहिल्या पावसातच गोळा करून मारा. थोड्या जागेला एवढं पुरतं.

आणि शेवटचा प्रश्न एका आजोबांचा: मुलाच्या घरची हरळी गेल्या महिन्यापासून पूर्ण पिवळी आहे, ती जिवंत आहे की नाही ते आत्ता कळेल का? कळेल. एक वीतभर तुकडा कोपऱ्यातून खुरप्यानं उचला, कुंडीत लावा, रोज तांब्याभर आरओचं पाणी घाला आणि सकाळच्या उन्हात ठेवा. आठ-दहा दिवसांत कांडीच्या पेरातून हिरवा कोंब निघाला, तर बाकीच्या अंगणाला वळवापर्यंत काही करायचं नाही.